ताकेओच्या जीपची थरथर

पन्नासच्या खाली ताकेओ कुसुनोसेची जीप गाईसारखी गरीब होती आणि साठच्या वर ती शहाण्यासारखी सरळ पळायची. मधल्या पट्ट्यात मात्र तिच्या अंगात यायचं. रस्त्यातला एखादा बारीक खड्डा, पुलाचा सांधा, असलं काही निमित्त मिळालं की ओल्या कुत्र्यानं अंग झाडावं तशी पुढची दोन्ही चाकं फडफडायला लागायची. अशा वेळी स्टिअरिंग धरून ठेवणं म्हणजे जिवंत कात्सुओ मासा शेपटीला धरून ठेवण्यासारखंच होतं. आणि एकदा सुरू झालं की गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते काही शमायचं नाही.

ताकेओ याला 'थोडीशी थरथर' म्हणायचा. तो इकेदानीच्या नगरपालिकेत पाणीपुरवठा विभागाचा प्रमुख होता. सगळ्या गावाचं पाणी दोन दिवस बंद राहणार असलं तरी त्याच्या सूचनेत 'किंचित गैरसोय' असेच शब्द असायचे. तेव्हा त्याच्या 'थोडीशी'ला किती किंमत द्यायची हे गावाला ठाऊक होतं. बायकोला तर जास्तच.

त्याची बायको सायोको दर आठवड्याला आईकडे जायची. आई, म्हणजे उमेआजी, वर डोंगरात तोरिगोए वाडीत आपल्या युझूच्या लिंबांच्या बागेत एकटी राहायची. त्या दिवशी सायोकोच्या मांडीवर पातेलं होतं आणि पातेल्यात आईसाठी घेतलेलं ताजं तोफू. पुलाच्या सांध्यावर जीपच्या अंगात आलं. गाडी थांबली तेव्हा तोफूची भुर्जी झाली होती आणि त्यातलं पाणी सायोकोच्या स्कर्टनं पिऊन टाकलं होतं. सायोको काही बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ताकेओ एवढं शिकला होता, की सायोको बोलते तेव्हा पाऊस असतो आणि बोलत नाही तेव्हा वादळ.

उमेआजीनं ती भुर्जी चवीनं खाल्ली. "छान झालंय," ती म्हणाली. "दात नसलेल्यांसाठी मुद्दाम असं केलंस का गं?"

परतताना सायोकोनं तोंड उघडलं. "आईला या गाडीत बसवायचं नाही."

आता खरी पंचाईत इथे होती. उमेआजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन करून घे म्हणून सायोको किती वर्षं मागे लागली होती, आणि आजी दर वेळी म्हणायची, जे बघायचं ते बघून झालंय. या शरदात मात्र एक प्रकार घडला. शेजारच्या शेतात नवा माणूस आलाय असं आजीला वाटलं. तिनं त्याला रोज सकाळी वाकून नमस्कार घातला, हवापाण्याची चौकशी केली, आणि हा एवढा उर्मट कसा म्हणून शेवटी चार शब्द सुनावले. ते बुजगावणं होतं. त्या दिवशी आजीनं स्वतःहून फोन केला, "घ्या बाई तारीख." कोची शहरातल्या दवाखान्यानं नोव्हेंबरअखेरची, युझूची तोडणी संपल्यानंतरची तारीख दिली. पण सप्टेंबरातल्या तुफानानं पुलापलीकडचा रस्ता अर्धा दरीत गेला होता. टॅक्सी पुलापर्यंत यायची. त्यापुढे जाऊ शकेल अशी अरुंद आणि उंच गाडी सगळ्या इकेदानीत एकच होती.

"हळू चालवीन," ताकेओ म्हणाला.

"हायवेवर? मागून लाकडाचे ट्रक येतात. ते काय थांबून नमस्कार करणार आहेत?"

"मग पुलापर्यंत टॅक्सी..."

"आणि वाडीपासून पुलापर्यंत आईला तुम्ही पाठुंगळी आणणार?"

ताकेओच्या कमरेचा इतिहास दोघांनाही ठाऊक होता. विषय तिथेच संपला.

गावातलं एकमेव गॅरेज मालकाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे बंद होतं. तेव्हा ताकेओनं अभ्यास सुरू केला, आणि त्याला स्टिअरिंग डॅम्परचा शोध लागला. ही वस्तू अगदी साधी. सरकारी कचेरीच्या दाराला वर एक दट्ट्या असतो बघा, दार धाडकन आपटू न देता अलगद मिटवणारा, त्याचाच हा भाऊ. तो चाकांना जोडणाऱ्या दांड्याला आडवा लावायचा. चाकांनी फडफड सुरू केली की हा ती मुकाट्यानं गिळतो. दट्ट्याचं तत्त्व नीट समजावं म्हणून ताकेओनं नगरपालिकेचं मुख्य दार बराच वेळ उघडून-मिटवून पाहिलं. विभागप्रमुख स्वतः दार धरून उभे आहेत म्हटल्यावर बाहेरून चाललेल्या दोन आजीबाई संकोचानं आत आल्या, आणि आत आल्यावर कशाला आलो हे त्यांना सांगता येईना.

"मीच बसवतो," रात्री जेवताना तो म्हणाला. "चार बोल्टचं काम आहे."

"फडताळ चार स्क्रूचं होतं," सायोको म्हणाली.

ते फडताळ अजून घरात होतं. फक्त भिंतीवर नव्हतं.

डॅम्पर आला. लखलखीत पिवळा, एखाद्या लहान बाळासारखा कागदात गुंडाळलेला. ताकेओनं तो संध्याकाळभर टेबलावर ठेवून न्याहाळला. शनिवारी गाडीखाली शिरून पाहतो तर ज्या लोखंडी पट्टीनं तो गाडीला अडकवायचा, ती पट्टी भलत्याच सालच्या गाडीची. त्यानं दुकानाला फोन लावला. पलीकडून एका मुलीनं इतक्या नम्रपणे क्षमा मागितली की ताकेओलाच अपराधी वाटायला लागलं.

"आपल्या गाडीचा चासिस नंबर सांगाल का?"

तो नंबर पुढच्या चाकामागे, चौकटीवर, वाळलेल्या चिखलाखाली असतो. ताकेओ एका हातात फोन घेऊन आडवा झाला आणि दुसऱ्या हातानं चिखल खरवडू लागला. एक ढेकूळ त्याच्या डोळ्यात गेलं, दुसरं तोंडात.

"दिसत नसेल तर फोटो पाठवलात तरी चालेल," मुलगी म्हणाली.

त्यानं अंदाजानं फोन चाकामागे धरला आणि फोटो पाठवला.

"मिळाला हं फोटो," थोड्या वेळानं ती म्हणाली. "पण यात, माफ करा, कान दिसतोय."

दुसऱ्या प्रयत्नात नंबर आला. पट्टी बदलून मिळेल, मुलगी म्हणाली, फक्त ती मूळ खोक्यात घालून पाठवा. ताकेओनं घरात येऊन खोकं शोधलं.

"ते मी सकाळीच रद्दीत टाकलं," सायोको म्हणाली. "आज पुठ्ठा टाकायचा दिवस नव्हता का?"

रद्दीची शेड कोपऱ्यावर होती आणि तिची किल्ली ताकेमुराबाईंच्या गळ्यात. ताकेमुराबाई म्हणजे आळीच्या मंडळाच्या अध्यक्षा. त्याआधी त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि ताकेओ त्यांच्या वर्गात होता. ही गोष्ट दोघांपैकी कुणीच विसरलं नव्हतं. जाळीपलीकडे, गठ्ठ्याच्या अगदी वर, त्याचं खोकं दिसत होतं. हात घातला तर लागलं असतं.

"बाई, ते एक खोकं जरा..."

"दोरीनं बांधून शेडमध्ये ठेवलेला पुठ्ठा नगरपालिकेच्या मालकीचा होतो," बाई म्हणाल्या. "हा नियम कुणी केला, कुसुनोसे?"

"नगरपालिकेनं."

"म्हणजे कुणी?"

"म्हणजे आम्ही, बाई."

"मग अर्ज आण. शिक्का मारून."

सोमवारी ताकेओनं अर्ज केला. पर्यावरण विभागाचा मोरिता त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. दोघं रोज डबा एकत्र खायचे, आणि आदल्याच आठवड्यात ताकेओनं त्याला आपल्या डब्यातलं लोणचं दिलं होतं. पण मोरितानं त्याला आधी टोकन घ्यायला लावलं. रांगेत दुसरं कुणी नव्हतं. टोकनचा आकडा लागल्यावर ताकेओ आपल्या खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला आणि मोरितासमोर बसला.

"खोकं परत हवं असण्याचं कारण?"

"व्यक्तिगत."

"व्यक्तिगत असा रकाना नाही. 'चुकून टाकले' किंवा 'मौल्यवान वस्तू आत राहिली'."

"चुकून टाकले."

"कुणी?"

ताकेओ थांबला. "बायकोनं" हा शब्द नगरपालिकेच्या दप्तरी कायमचा राहणार, आणि कधीतरी सायोको तो वाचणार. "मी," तो म्हणाला आणि सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारला. खरं सांगायचं तर मनातल्या मनात त्याला मोरिताचं कौतुकच वाटत होतं. त्याच्या जागी आपण असतो तर शिक्का तिरका लागला म्हणून अर्ज परत केला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खोकं सुटलं, पट्टी बदलून आली, आणि पुढच्या रविवारी ताकेओ जुना निळा डगला आणि सायोकोनं विणलेला तपकिरी स्वेटर घालून गाडीखाली शिरला. थंडी म्हणून डगल्याच्या आत स्वेटर. काम सुरू झाल्यावर उकडलं म्हणून डगला काढला. पुढे जे झालं त्याचं मूळ या डगल्यात आहे.

अशा कामाला मदत लागत नाही, पण ती येतेच. आधी ओकाबायाशीसान आले, घडीची खुर्ची घेऊन. त्यांनी जन्मभर डोंगरातली बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या गाड्या पाहण्यात त्यांचा वेळ जायचा. मग कोपऱ्यावरच्या तांदळाच्या दुकानाचे कोमोदासान आले, थर्मास घेऊन. ताकेमुराबाई आधीच फाटकाशी उभ्या होत्या. नऊच्या आत हातोडीचा आवाज होता कामा नये, एवढ्यासाठी.

"हवेचा दोष आहे," ओकाबायाशीसान गाडीखालच्या पायांना म्हणाले. "बसची सगळी दुखणी टायरच्या हवेत असतात. हवा कमी करा."

"हवा कसली," कोमोदासान म्हणाले. "गाडी हलकी पडतेय. मागे वजन टाका, तांदळाचं पोतं टाका, बघा कशी गप बसते." आपलं तांदळाचं दुकान आहे हे त्यांनी लपवलं नाही. पोतं त्यांनी येतानाच ढकलगाडीवर घालून आणलं होतं आणि कुणी हो म्हणायच्या आत ते जीपच्या मागे चढलंही.

"पाना घट्ट धर," ताकेमुराबाई म्हणाल्या. "लहानपणी पेन्सिलही सैलच धरायचास."

जुना बोल्ट गंजून एकजीव झाला होता. त्यावर तेल मारून झालं, नऊ वाजून गेल्यावर हातोडी मारून झाली, हातोडी अंगठ्यावर बसून झाली. त्या वेळी ताकेओनं जो शब्द उच्चारला तो बाईंनी शिकवलेला नव्हता. दुपारपर्यंत बोल्ट सुटला. वाळका चिखल त्याच्या केसांत, कानांत, कॉलरीत भरला होता. पण पिवळा डॅम्पर जागेवर बसला, पट्टी बसली, आणि ताकेओनं जीव एकवटून शेवटचा नट असा आवळला की तो आता जीप भंगारात गेली तरी सुटणार नव्हता.

"झालं," तो गाडीखालून म्हणाला.

वरून टाळ्या आल्या. ताकेओ बाहेर यायला निघाला. उजवा हात आला. डावा येईना.

त्यानं मान वळवून पाहिलं. स्वेटरच्या डाव्या बाहीचा कोपर पट्टीच्या आणि चौकटीच्या मध्ये छान चपटा होऊन आवळला गेला होता.

माणसाची प्रतिष्ठा ही मोठी चमत्कारिक चीज आहे. हाक मारली असती तर अर्ध्या मिनिटात सुटका होती. पण वर तिघं टाळ्या वाजवून बसले होते. ताकेओ हलला नाही.

"काय हो, काय करताय अजून?" ओकाबायाशीसाननी विचारलं.

"तपासतोय."

"तपासा, तपासा."

बराच वेळ तपासणी चालली. कोमोदासाननी थर्मासमधून चहा ओतला आणि पेला अदबीनं ताकेओच्या बुटांशेजारी ठेवला. तो तिथेच निवला. शेवटी ताकेमुराबाई घराच्या दाराशी जाऊन सायोकोला म्हणाल्या, "तुझा नवरा अडकलाय. वर्गातही असाच करायचा. उत्तर येत नसलं की वहीत डोकं घालून बसायचा."

सायोको आली, वाकली, गाडीखाली पाहिलं. तिनं सगळं एका नजरेत ओळखलं.

"नट सैल करा ना."

"आत्ताच तर घट्ट झालाय," ताकेओ हळूच म्हणाला.

ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग आत गेली आणि शिवणाची कात्री घेऊन आली. तो स्वेटर तिनं एका अख्ख्या हिवाळ्यात विणला होता. कात्री चालली. ओकाबायाशीसाननी डोक्यावरची टोपी काढली.

मग चाचणी. कोपरापासून उघडा डावा हात स्टिअरिंगवर ठेवून ताकेओ नदीकाठच्या सरळ रस्त्याला लागला. शेजारी ओकाबायाशीसान, मागे पोतं आणि पोत्याशेजारी कोमोदासान. काटा पन्नासवर आला. सगळं शांत. "बघा," ताकेओ म्हणाला. तेवढ्यात चाकाखाली एक खडा आला आणि जीपच्या अंगात आलं ते असं की आधीचं सगळं नमन होतं असं वाटावं. ओकाबायाशीसानांचे दात एकमेकांवर टाइपरायटरसारखे वाजत होते. मागे पोत्याची शिवण उसवली आणि उत्तम प्रतीचा तांदूळ कोमोदासानांच्या कॉलरीतून आत जाऊ लागला. गाडी थांबली. नदीचा आवाज ऐकू आला.

"वजन अजून वाढवायला हवं," कोमोदासान शर्ट झटकत म्हणाले.

ओकाबायाशीसाननी ताकेओच्या खांद्यावर हात ठेवला. "डॅम्पर नसता तर याहून वाईट झालं असतं," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत ताकेओला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य.

बातमी पाण्याआधी डोंगर चढते. संध्याकाळी उमेआजीचा फोन आला. कोमोदासानांच्या चुलतभावानं तिला सगळं रंगवून सांगितलं होतं.

"ऑपरेशन राहू दे," आजी म्हणाली. "मला पोत्यासारखं न्यायला नको की काही नको. बुजगावण्याशी माझं बरं चाललंय. मध्ये बोलत तरी नाही ते."

सायोकोनं फोन ठेवला, गमबूट चढवले आणि बाहेर गेली. राग आला की ती धुवायला काढायची. आधी पडदे, मग चादरी, मग पडवी. आज तिनं पाण्याचा पाइप ओढला आणि जीप धुवायला घेतली.

ताकेओ स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत राहिला. तो चिखल साधा चिखल नव्हता. तुफानानंतर वाडीचं पाणी सुरू करायला तो ही जीप नदीच्या पात्रातून, दरडीवरून घेऊन गेला होता, पहिल्यांदाच आयुष्यात कुणीतरी त्याची वाट पाहत उभं होतं, आणि तेव्हापासून नगरपालिकेच्या आवारात त्या स्वच्छ पांढऱ्या गाड्यांमध्ये ही चिखलानं माखलेली जीप उभी राहिली की त्याला छातीवर पदक लावल्यासारखं वाटायचं. आता ते पदक गटारातून वाहत चाललं होतं. सायोकोनं पाइप चाकांच्या आतल्या बाजूला घातला. चाकाच्या पोटातून विटेएवढी ढेकळं धपाधप पडायला लागली. काही निघेनात तेव्हा तिनं जुनं उलथनं आणून ती खरवडली.

ताकेओ बाहेर आला. "एवढं कशाला," तो म्हणाला. "आई येणारच नाही म्हणते, तर..."

"आली तर?" सायोको चाकाशी बसूनच म्हणाली. "आली तर तिच्या चांगल्या कपड्यांना चिखल लागेल." ती खरवडत राहिली. मग तिचा हात थांबला. "मागच्या आठवड्यात मी दारात उभी होते हो. अगदी समोर. तर ती मला म्हणाली, 'कोण?' मी बोलेपर्यंत ओळखलं नाही तिनं."

पाइपचं पाणी नुसतंच वाहत होतं. ताकेओ आत गेला, दुसरं उलथनं शोधून आणलं आणि पलीकडच्या चाकाशी उकिडवा बसला. अंधार पडेपर्यंत दोघं खरवडत होते. मध्ये कधीतरी सायोको म्हणाली, "त्या बाहीचं मी काहीतरी करीन. लोकर आहे अजून." ताकेओ "हं" म्हणाला. पाण्याच्या आवाजात तो तिला ऐकू आला की नाही कोण जाणे.

सकाळी ताकेओ कचेरीत जायच्या आधी सायोको आपण होऊन जीपमध्ये येऊन बसली. मांडीवर पातेलं, पातेल्यात अखंड तोफू.

"चला," ती म्हणाली.

नदीकाठचा रस्ता आला. पन्नास. ताकेओनं दात आवळले. पंचावन्न. पुलाचा सांधा आला. धप्प असा आवाज झाला. दोघांची नजर पातेल्यात. तोफू तोफूनं हलावं तेवढंच हललं आणि गप्प बसलं. साठ झाले, पासष्ट झाले, पुलाचं दुसरं टोक आलं. ताकेओनं गाडी वळवली आणि पुन्हा तोच पूल ओलांडला, मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी सायोको म्हणाली, "आता पुरे, मला स्वयंपाकाला लागायचंय." पण पातेल्यावर झाकण ठेवताना ती हसत होती.

गावात श्रेयाची वाटणी लगेच झाली. ओकाबायाशीसाननी कबूल केलं की चाचणीनंतर त्यांनी गुपचूप चारही टायरांतली थोडी हवा सोडली होती. कोमोदासानांच्या मते तांदळाचं पोतं आता मुरलं होतं. बाई म्हणाल्या, पाना घट्ट धरायला कुणी सांगितलं होतं? ताकेओ मात्र गप्प होता. पोटात एका बाजूला विटेएवढी ढेकळं घेऊन धावणारं चाक फडफडणार नाही तर काय, हे पाण्याच्या पंपांबरोबर जन्म काढलेल्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. डॅम्पर उतरवून एकदा पूल ओलांडला असता तर काय ते एका फेरीत सिद्ध झालं असतं. त्यानं तो उतरवला नाही. तो नट सुटणारा नव्हता, हे कारण त्यानं स्वतःला दिलं, आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं.

एक दिवस तो कोमोदासानांच्या दुकानाबाहेर उभा होता. आतून सायोकोचा आवाज आला. कुणीतरी तिला विचारत होतं, शेवटी थरथर थांबली कशानं?

"ह्यांनी ते पिवळं काहीतरी बसवलं ना," सायोको म्हणाली. "दिवसभर खपले त्याच्यापायी. हात सोलून घेतला."

ताकेओ आत न जाता तसाच परत फिरला. तांदूळ त्यानं दुसऱ्या दिवशी आणला.

उमेआजीला हो म्हणायला सायोकोनं काय केलं ते कळलं नाही. ती एकटी वर चालत गेली आणि संध्याकाळी उतरली तेव्हा आजी तयार होती, एवढंच. ठरल्या दिवशी सकाळी ताकेओ जीप घेऊन वाडीत पोचला. आजी ओसरीवर बसली होती. अंगावर तिचे ठेवणीतले कपडे. पण त्यांवरून तिनं कमरेला पुढे-मागे दोन उशा किमोनोच्या पट्ट्यानं बांधल्या होत्या आणि डोक्यावर नवऱ्याचं जंगलात लाकडं तोडायला जाताना घालायचं शिरस्त्राण.

"आई, हे काय?" सायोको म्हणाली.

"कोमोदाच्या भावानं सगळं सांगितलंय मला. जावयाचा हात कुठाय?" ताकेओनं हात पुढे केला. आजीनं तो चाचपडून धरला आणि उशांसकट जीपमध्ये चढली.

दरीच्या कडेनं जीप पावलापावलानं उतरली. पूल आला. हायवे आला. मागून लाकडांचा ट्रक आला. ताकेओनं वेग वाढवला आणि त्या मधल्या पट्ट्यात काटा शिरला तेव्हा सायोकोनं मागच्या सीटवरून आईचे दोन्ही खांदे धरले. काटा बाहेर पडला. काहीच झालं नाही.

"सुरू कधी व्हायचं ते?" आजीनं विचारलं.

"काय, आई?"

"ते हादरणं."

"ते होणार नाही आता. बंद झालं."

आजीनं शिरस्त्राण काढून मांडीवर ठेवलं. तिची फसवणूक झाल्यासारखा चेहरा झाला. "एवढ्या उशा बांधल्या मी," ती म्हणाली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आधी एकाच डोळ्याचं. दुसऱ्याचं वसंतात करू, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा आजी आधी आपल्या हातांकडे पाहत राहिली, पालथे करून, सुलटे करून. मग सायोकोकडे. तिनं सायोकोच्या कपाळावरची बट मागे सारली. दवाखान्यातल्या नर्सबाईंना ती म्हणाली, "तुमच्या टोपीची शिवण निघालीय."

परतीच्या वाटेवर तिनं ताकेओला उसंत दिली नाही. हे कुणाचं घर, ते झाड कधी तोडलं, त्या पाटीवर काय लिहिलंय ते वाच बघू, नको मीच वाचते. वाडी आली. ताकेओ घरासमोर जीप थांबवायला लागला.

"इथे नको," आजी म्हणाली. "वर चल. खिंडीपर्यंत."

"आई, तुम्हाला धक्का बसता कामा नये म्हणालेत डॉक्टर."

"मग हळू चालव. तुझ्या गाडीला आता धक्के बसत नाहीत ना?"

खिंडीपर्यंतचा रस्ता रस्ता कसला, लाकूडतोड्यांची जुनी वाट. जीप दगडांवरून एकेक चाक उचलत, कुणाला झोपेतून उठवायचं नाही अशा बेतानं चढली. वर वारा होता. डोंगरांच्या रांगांपलीकडे, हवा स्वच्छ असली तर, एक बारीक रेघ समुद्राची दिसते म्हणतात. आजी लग्न होऊन आली त्या वर्षी नवऱ्यानं तिला ती दाखवली होती, आणि पुढे कितीतरी वर्षं ती दिसत नव्हती. आता जीपच्या दारात उशीवर बसून ती तिकडे बघत राहिली. सायोकोनं तिच्या खांद्यावर शाल घातली.

"जहाज चाललंय," आजी म्हणाली.

सायोकोनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. ताकेओनं चष्मा काढला, स्वेटरला पुसला, पुन्हा घातला. धुकं होतं. धुक्यापुढे काहीतरी चमकत होतं. तो समुद्र असेल, नाहीतर कुणाच्या शेतावरचं प्लास्टिक.

"लाल आहे," आजी म्हणाली. "दिसलं?"

ताकेओनं आयुष्यात न पाहिलेल्या कशावरही शिक्का मारला नव्हता. त्यानं सायोकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. त्यांतून जहाजच काय, पुढचा डोंगरही दिसत नसणार.

"दिसलं," तो म्हणाला. "लालच आहे."

"हो आई," सायोको म्हणाली. "केवढं मोठं आहे."

आजीनं मान वळवून आपल्या त्या नव्या डोळ्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"ते मघाशीच गेलं डोंगराआड," ती म्हणाली, आणि शाल घट्ट लपेटून पुन्हा समुद्राकडे बघत बसली. खाली जायची घाई कुणीच केली नाही.